डावा डोळा

ओगिकुबो, टोकियो
२० जानेवारी २००८

प्रिय तोकिएताई,

पत्राची सुरुवात ऋतूपासून करायची असते, हे आईने आपल्याकडून चांगलं घोकून घेतलं होतं. थंडी कशी आहे, कळ्या कुठवर आल्यात, वगैरे. ते सगळं मी लिहिलंय असं तू धरून चाल. रेल्वेने तासाभराच्या अंतरावर तर राहतो आपण. माझ्याकडे जी थंडी तीच इवात्सुकीला.

मी किनुए. दर नव्या वर्षाला तुला हाताने रंगवलेलं कार्ड पाठवते ती. यंदाच्या वर्षाचा प्राणी उंदीर होता, मिळाला असेल. तुझं उत्तर कधी येत नाही, पण माझं कार्ड परतही कधी आलेलं नाही. आपले पोस्टवाले फार काटेकोर. माणूस त्या पत्त्यावर नसला तर शिक्का मारून दारात आणून देतात. म्हणून जानेवारीचा दुसरा आठवडा उलटला की मी मनात म्हणते, चला, ताई आहे. आणि मग वर्षभर कामाला लागते.

यंदा मात्र कार्डावर भागणार नाही. सांगायचंय ते सांगते.

बाबांच्या अंत्यविधीनंतर तू मला काय म्हणालीस ते विसरली असशील तर आठवण करून देते, मी काही विसरलेली नाही. काका, दोन्ही आत्या, बाहुलीवाल्यांच्या संघाचे ते टकले अध्यक्ष, सगळे जेवायला बसले होते. कुणीतरी माझ्या मासिकाच्या मुखपृष्ठांचं कौतुक केलं, बिचाऱ्याला वाटलं दुःखात जरा विषय बदलेल. तू हातातलं सुशीचं ताट माझ्यापुढे आपटलंस आणि म्हणालीस, "मिटलेले डोळे काढून नाव कमावलंस. एकदा उघडे काढून दाखव, मग ये या घरी." मी तशीच उठले आणि मिळेल ती गाडी पकडली.

त्याला तीस वर्षं होऊन गेली. तर ताई, मी उघडे काढलेत.

मार्चमध्ये गिन्झातल्या एका गॅलरीत माझं प्रदर्शन आहे. गिन्झा म्हटलं म्हणून डोळे विस्फारू नकोस. मागच्या गल्लीत, दोन जिने चढून एक खोली, भिंती आठवडाभर भाड्याने मिळतात. चित्रं आपण लावायची, खुर्चीत आपणच बसायचं, येईल त्याला चहा आपणच द्यायचा. छापण्यासाठी म्हणून न काढलेली, नुसती चित्र म्हणून काढलेली चित्रं मी पहिल्यांदाच लोकांपुढे मांडतेय. त्यात एक मोठं आहे, चटईएवढं. त्यात तू आहेस. तुझे डोळे उघडे आहेत.

३ मार्चपासून आहे. बाहुल्यांच्या सणाचा दिवस मुद्दाम धरला, कारण तोवर बाहुल्या विकल्या जाऊन तुझं वर्षाचं काम उरकलेलं असतं. पत्ता खाली लिहिते. ये, बघ, आणि तुझी अट पुरी झाली की नाही ते तोंडाने सांग. एवढंच हवंय मला.

किनुए


११ फेब्रुवारी

ताई,

उत्तर नाही. असू दे, सवय आहे.

माझ्या कामाबद्दल मी तुला कधी धड सांगितलंच नाही. तू विचारलंही नाहीस म्हणा. पण चित्र बघायला येशील तर ते कुठून आलं हे तुला ठाऊक असायला हवं, नाहीतर दारातच नाक मुरडशील.

टोकियोत आले तेव्हा पहिलं काम मिळालं ते बामच्या डबीवरचं. डोकं धरून बसलेली बाई. डोकं दुखतंय म्हणून डोळे मिटलेले. ती डबी मुलींच्या एका मासिकाचे संपादक कुसाकासाहेब यांच्या टेबलावर होती. त्यांनी बोलावून घेतलं. म्हणाले, "मुखपृष्ठावर अशीच एक मुलगी हवी. फक्त हिचं डोकं दुखू नये." मग दहाएक वर्षं दर महिन्याला एक मुलगी. खाली बघणारी, फुलाचा वास घेणारी, चहावर फुंकर घालणारी. डोळे उघडायची वेळ आलीच तर मी तिला शिंक आणायचे.

एका जाड चष्म्याच्या समीक्षकाने लिहिलं की ओगुशी किनुएच्या मुली स्वतःच्या अंतर्मनात बघतात. मी पोट धरधरून हसले. अंतर्मन कसलं डोंबलाचं! घरी मला कुणी डोळा काढू दिला नव्हता, एवढंच त्यातलं खरं.

तुला आठवतं ना? सकाळी उठून सरस उकळायचा मी, शिंपल्यांची भुकटी खलायची मी, बाहुल्यांच्या डोक्यांवर पांढरे थर चढवायचे मी, ओठ लाल करायचे मी. मग डोकं जायचं बाबांकडे. ते उजवा डोळा काढायचे आणि डोकं तुझ्याकडे सरकवायचे. डावा तुझा. एकाच माणसाच्या हाताने दोन्ही डोळे काढले तर बाहुली मेलेली दिसते, हा आपल्या घरचा कायदा. दुसऱ्या कुठल्या घरात असं करत नाहीत म्हणून आजूबाजूचे हसायचे, पण राणी बाहुली घ्यायला सगळे आपल्याकडेच यायचे. तुझा डोळा झाला की बाबा डोक्याकडे पाठ करून बसायचे आणि त्यांच्या त्या तळहाताएवढ्या आरशातून खांद्यावरून बघायचे. "सरळ बघितलं की आपलीच नजर आपले लाड करते," म्हणायचे.

आणि मी काय म्हणायचे? "बाबा, एक तरी डोळा मला द्या ना."

"तुझा हात घाईचा आहे. पुढच्या वर्षी."

सहा वर्षं पुढचं वर्ष ऐकलं. तू शेजारी बसून ऐकत होतीस, एकदाही म्हणाली नाहीस की आज माझा तिला द्या. मी घर का सोडलं याची गावाने नाना कारणं काढली, अगदी मुलासोबत पळाले इथवर. मुलगा कसला, एक डोळा हवा होता मला.

पुढची गोष्ट थोडक्यात. मुलींना चित्रकथांचं वेड लागलं आणि बशीएवढे डोळे आले. कुसाकासाहेब म्हणाले, "ओगुशीबाई, हल्ली डोळे लागतात हो. आणि त्यांत चांदण्या." मी म्हटलं, "चांदण्या तुम्हीच काढा." काम गेलं. मग वर्तमानपत्रातल्या कादंबरीला रोजचं चित्र. लेखक महाशय संध्याकाळी मजकूर पाठवणार, चित्र सकाळी हवं. मग शाळेच्या पुस्तकांतली भाज्याफळं, कारण मुळ्याला डोळे नसतात. मग निवृत्त बायकांना चित्रकला शिकवणं, ते अजून चालू आहे. परवा जुन्या बाजारात माझ्या मुलीचं चित्र असलेला बिस्किटांचा डबा दिसला. आत बटणं. मी विकत घेतला नाही. घरी आणून ठेवणार कुणाला दाखवायला?

साठी उलटली तेव्हा एकदा शिंपल्यांची भुकटी विकत आणली. का आणली ते विचारू नकोस. स्वयंपाकघरात सरस उकळला आणि तो वास सुटला ना ताई, मी शेगडीपाशी उभी राहून रडले. शेजारीण दार वाजवून विचारायला आली, काही जळतंय का.

त्यातून हे चित्र झालं. तू कामाच्या बैठकीवर, एकोणीस वर्षांची, दातांत कुंचला, मान वर करून बघतेयस. मी काहीतरी वेडंवाकडं बोललेय आणि तू हसायच्या बेतात आहेस. आधी उजवा डोळा काढला. मग डावा काढायला चार महिने धीर झाला नाही. मदतीला दुसरा हात कुठून आणू? शेवटी मीच काढला.

एक अडचण आहे. मला तुझा आताचा चेहरा माहीत नाही. लोक म्हणतात, आरशात बघ, बहीण दिसेल. बघितलं. मी बाबांवर गेलेय, त्यांच्या कानांसकट. तू कुठेच दिसत नाहीस.

बाबा गेल्यापासून तुझ्याकडे दुसरा डोळा कोण काढतं गं? हे मला कधीचं विचारायचंय.

किनुए


३ मार्च, सोमवार
गॅलरीतून

ताई,

उघडलं प्रदर्शन. माझ्या शिकवणीच्या बायका घोळक्याने आल्या. प्रत्येकीने मिठाईचा डबा आणला, इथे आता चित्रांपेक्षा डबे जास्त झालेत. "बाई, ही कोण हो? तुमची मुलगी?" एकीने विचारलं. मी म्हटलं, "माझी थोरली बहीण." तिने चित्राकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि चहा प्यायला लागली.

मी जांभळा किमोनो नेसलेय. आईचा. तू बघितलास की ओळखशील.

जिना लाकडी आहे, कुणी आलं की करकरतो. करकरला की मी उभी राहते. गॅलरीच्या मालकीण हिराबायाशीबाई आतून ओरडल्या, "बसा हो ओगुशीबाई! तो विजेचं मीटर बघणाऱ्यासाठी पण वाजतो." आणि खरंच मीटरवालाच होता. त्यालाही मी चहा दिला. तो म्हणाला, "छान आहे, ही आता काहीतरी बोलणार असं वाटतं." मला इतकं बरं वाटलं की मी त्याला तांदळाच्या गोड मिठाईच्या दोन मोची बांधून दिल्या.

तू आज येणार नाहीस हे ठाऊकच होतं. सणाच्या दिवशी तू घर सोडणार नाहीस. शनिवारपर्यंत आहे.

किनुए


५ मार्च, बुधवार

ताई,

आज डोकं फिरवणारी एक बाई येऊन गेली. तुला नाही सांगायचं तर कुणाला सांगू?

दुपारची वेळ, गॅलरीत चिटपाखरू नाही. जिना करकरला तो इतका हळूहळू की मी दोनदा उठून बसले. एक म्हातारी आली. हे दिवस परागांचे, अर्धं टोकियो शिंकतंय, तिच्याही तोंडावर मास्क आणि घसा पार बसलेला. कोट बरा होता. दारात उभी राहून माझ्याकडे बघतच राहिली. मला वाटलं, दम लागलाय. मी खुर्ची पुढे केली, तर बसली नाही. थेट मोठ्या चित्रापाशी गेली आणि नाक लावून उभी राहिली.

"हे तुम्हीच काढलंय?"

"हो."

"डोळेसुद्धा?"

मी म्हटलं, "डोळे काय दुसऱ्याकडून काढून घेऊ?"

"घेतात काही लोक," म्हणाली.

वेडसर असावी, म्हणून मी चहा आणायला वळले. परत येऊन बघते तर काय, बाईने चित्राकडे चक्क पाठ केलेली आणि पिशवीतून आरसा काढून केस सारखे करतेय! एवढ्या वयात एवढा नट्टापट्टा! आणि एकदा केस बघून झालं की नाही? छे, आरसा इकडे कर, तिकडे कर. तीन वर्षं खपले मी त्या चित्रावर, आणि त्याच्याकडे पाठ करून ही बाई स्वतःचं थोबाड न्याहाळतेय. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी चहा पुढे केला. तिने कप घेतला तो असा थरथरत की निम्मा चटईवर. चटई हिराबायाशीबाईंची, नवी कोरी. माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो जरा सांभाळून! धरता येत नाही तर खाली ठेवायचा." ती खाली वाकली. रुमालाने पुसायला लागली, ते पण धड पुसता येईना. शेवटी मीच पुसलं.

मग म्हणते कशी, "डावा डोळा वर गेलाय. तांदळाच्या कणाएवढा."

"तुम्ही चित्रं काढता का?" मी जरा टोमण्यानेच विचारलं.

"छे. मला कुठली चित्रं येतायत."

इतक्यात कुसाकासाहेब आले. आता काठी घेऊन चालतात, दोन जिने चढून आले म्हणजे केवढं! मी वाकून वाकून त्यांचं स्वागत करत होते. ती मागे कोपऱ्यात बसून मास्क खाली करून मोची खात होती. चेरीच्या पानातली, आपल्या आईला आवडायची तीच. पान सोलून बाजूला ठेवून खाल्ली, हे तेवढं मला बशीत नंतर दिसलं.

जाताना मी पाहुण्यांच्या वहीत नाव लिहायला सांगितलं. "नको, अक्षर वाईट आहे," म्हणाली. आणि दारात काय केलं असेल? माझ्या मागे येऊन किमोनोची गळपट्टी ओढून सरळ केली. परक्या बाईने! म्हणाली, "मागून वर गेली होती." मी काही म्हणायच्या आत जिना उतरायला लागली.

हात गार होते तिचे. आता लिहिताना मानेला जाणवतायत. किती वर्षांत माझ्या मानेला कुणाचा हात लागलेला नाही, हे त्यामुळे कळलं.

तू कधी येतेस? तुझ्या धारदार जिभेसमोर या बाईचं काहीच नाही. तू आलीस तर निदान खरं बोलशील.

किनुए


८ मार्च, शनिवार
गॅलरीतून, दुपारी

तोकिएताई,

आज चारला दार बंद होणार. दोन वाजून गेले. तू आली नाहीस.

वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. "प्रसिद्ध मुखपृष्ठकार ओगुशी यांनी अखेर डोळे उघडले" असा मथळा. कुसाकासाहेब कात्रण घेऊन फोनवर ओरडत होते, जणू त्यांनीच उघडले. तीन लहान चित्रं गेली. मोठं मागायला एक डॉक्टर आले होते, मी नाही म्हटलं. ते तुझ्यासाठी होतं.

तुला तासभर गाडीत बसायचं होतं, बस. मी तीस वर्षं तुझ्या एका वाक्यावर काढली. तुझ्या त्या वाक्यापायी चांदण्यांचे डोळे काढले नाहीत, मुळे काढले. हे तुझ्यामुळे म्हणत नाही, माझा हट्ट तो माझाच. पण अट घालणाऱ्याने निदान येऊन बघावं की नाही? की अट घातलीस तीच मी परत येऊ नये म्हणून?

पुढच्या वर्षी बैल आहे. कार्ड पाठवणार नाही.

किनुए


९ मार्च, रविवार, सकाळ

ताई,

ताई, ती तू होतीस.

कालचं पत्र मी पेटीत टाकून मोकळी झाले होते. ते तुझ्या हातात पडण्याआधी हे पडलं तर बरं, पण पोस्टवाल्यांचा काटेकोरपणा मला माहीत आहे. दोन्ही वाच. काय करणार?

काल दार बंद करून चित्रं उतरवत होतो. हिराबायाशीबाईंनी मोठं चित्र भिंतीवरून काढून खिडकीसमोर धरलं. बाहेर अंधारायला लागलं होतं आणि खिडकीच्या काचेत चित्र उलटं दिसत होतं. उलट्या चित्रात तुझा डावा डोळा वर गेलेला होता. तांदळाच्या कणाएवढा. तीन वर्षं रोज बघतेय मी ते चित्र, मला एकदाही दिसलं नव्हतं.

त्या क्षणी कळलं की ती बाई केस सारखे करत नव्हती.

आणि हे मीच, माझ्या हाताने, महिन्याभरापूर्वी तुला लिहिलं होतं! पाठ करून बसायचे आणि खांद्यावरून आरशात बघायचे. लिहिलं आणि विसरले. आपल्या घरात वाढलेल्या कुणाही पोरीला दारातून कळलं असतं. मला वाटलं, म्हातारी नटतेय.

हिराबायाशीबाईंना मी खुर्चीत बसून सांगितलं. त्या म्हणाल्या, "अहो, मास्क होता तोंडावर, कशी ओळखणार?" चांगल्या आहेत बिचाऱ्या. पण मास्क तू काढला होतास, मोची खायला. मी पाच पावलांवर होते आणि कुसाकासाहेबांच्या काठीला नमस्कार करत होते. चाळीस वर्षं तुझ्या चेहऱ्यावर पोट भरलं मी. डब्यांवर, वह्यांवर, मुखपृष्ठांवर, सगळीकडे तूच आहेस. आणि तो चेहरा उघडा होऊन समोर बसला तेव्हा मी बघितलंच नाही. काल बसून आठवायचा प्रयत्न केला. कोट आठवतो. रुमाल आठवतो. सोललेलं पान आठवतं. चेहऱ्याच्या जागी काही नाही.

दारात उभी राहून तू बघत होतीस ते मी ओळखते का हे बघायला, हो ना? मी तुला खुर्ची दिली.

आणि हात, ताई. तुझे हात कधीपासून थरथरतात? वहीत नाव लिहायला नको म्हणालीस ते म्हणून? कुणाला दाखवलंस का? घरी काम कोण करतं? दोन महिने मी माझंच तुणतुणं वाजवत बसले, मुळे नि चांदण्या, आणि तू थरथरत्या हातांनी दोन जिने चढून आलीस. मी तुला चटईवरून बोलले.

मी यायला निघाले होते आज. स्टेशनवर गेले, तिकीट काढलं आणि फलाटावरून परत आले. तू सांगितलं होतंस, उघडे काढून दाखव, मग ये. दाखवले. तू बघून सांगितलंस, डोळा चुकलाय. म्हणजे अट पुरी झाली नाही. आता कोणत्या तोंडाने दार वाजवू?

बोलाव. नाहीतर रागाव. पण काहीतरी कर.

किनुए


२ एप्रिल

ताई,

आज सकाळी कुरिअर आलं. पत्ता दुसऱ्याच कुणाच्या अक्षरात, दुकानात कुणाकडून तरी लिहून घेतला असशील. आत चिठ्ठी नाही. मी खोका उलटासुलटा करून, कागदाच्या घड्या मोडून बघितलं. नाही ती नाहीच. तू कसली लिहितेस!

कापसात गुंडाळलेलं डोकं होतं. राणी बाहुलीचं. पांढरे थर इतके सुरेख चढलेत की मी आधी बराच वेळ नुसतं गालावरून बोट फिरवत बसले. ओठ तांबडे. भुवया आहेत. उजवा डोळा आहे.

डावा नाही.

उजवा डोळा बाबांच्या जागेचा. तो तू काढलायस. वरची रेघ तीन ठिकाणी हललीय, बाबांनी असलं डोकं फोडून टाकलं असतं. पण तो डोळा बघतोय, ताई. खिडकीत ठेवला तर बाहेर बघतो, माझ्याकडे वळवला तर माझ्याकडे. दुपारपर्यंत मी ते डोकं घेऊन या खोलीतून त्या खोलीत हिंडत होते. सकाळी चहाच्या वेळी समोर ठेवलं आणि दोन कप ओतले. शेजारीण बघेल म्हणून पडदा ओढला.

बाबा गेल्यापासून दुसरा डोळा कोण काढतं, हे मी विचारलं होतं. कुणीच नाही, हेच ना तुझं उत्तर? इतकी वर्षं दोन्ही एकटीनेच काढत होतीस, आणि त्या बाहुल्या मेलेल्या दिसतात हे फक्त तुला ठाऊक होतं.

कुंचला काढला. शाई घासली. डोकं डाव्या हातात धरलं. पन्नास वर्षांची भूक होती माझी, एका डोळ्याची. टोक टेकवणार, आणि थांबले. कण कुठे आहे ते मला सरळ बघून दिसत नाही, हे सगळ्या टोकियोला दाखवून झालंय. माझ्याकडे आरसे पुष्कळ आहेत, न्हाणीघरात आहे, पर्समध्ये आहे. पण या डोळ्याला बाबांचाच हवा, आणि तो तुझ्या पिशवीत आहे.

तेव्हा डोकं कापसात परत गुंडाळलंय. रविवारी सकाळच्या गाडीने घेऊन येते. मोची आणीन, पानातली. अट पुरी झाली की नाही ते आता मला विचारायचं नाही.

मास्क लावून दार उघडू नकोस. आधी मला नीट बघू दे.

मग तू आरसा धर. थरथरला तर थरथरू दे. मी डोळा काढते.

किनुए